काँक्रीटवरची साय

मागच्या व्याख्यानात आपण सिमेंट घट्ट कसं होतं ते पाहिलं. आज काम जिथे थांबतं तिथे जाऊ. कुठलंही मोठं बांधकाम एका दमात भरून होत नाही. कालच्या काँक्रीटवर आज नवा माल पडतो आणि मध्ये एक रेघ राहते. तोच कन्स्ट्रक्शन जॉइंट. टाकी गळते ती बहुधा याच रेघेतून, आणि भूकंपात कॉलम सरकण्याचा धोकाही इथेच.

या रेघेकडे गंभीरपणे पाहायला लावलं ते मोठ्या धरणांनी. कोलोरॅडो नदीवरच्या हूव्हर धरणात ६ जून १९३३ रोजी पहिलं काँक्रीट पडलं. सगळी भिंत एकसंध ओतली असती तर सिमेंटच्या उष्णतेनेच तडकली असती. म्हणून वेगवेगळे ठोकळे, एका वेळी ५ फुटांचा थर, आणि पुढचा थर ७२ तासांनंतरच. धरणाची उंची ७२६ फूट. म्हणजे सांधे किती झाले ते तुम्हीच मोजा! उभे सांधे ठोकळे थंड झाल्यावर ग्राउट भरून बंद केले. आडव्यांची तयारी मात्र दर थराला करावी लागे.

तयारी कसली? काँक्रीट बसतं तसं पाणी वर येतं, सिमेंटचे बारीक कण सोबत आणतं, आणि माथ्यावर पांढुरका, ठिसूळ पापुद्रा धरतो. त्याला लेटन्स म्हणतात. शब्द फ्रेंच, दुधावरून आलेला. आपण साय म्हणू. ही खरवडून फेकायची साय! त्या काळी धरणांवर हवा-पाण्याच्या फवाऱ्याने ती काढत, आणि नव्या मालाआधी मॉर्टरचा पातळ थर पसरत.

हा मॉर्टर खरंच लागतो का? अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेत हे तपासलं. १९५९ साली त्यांचा अहवाल आला. स्वच्छ केलेला सांधा मॉर्टरशिवायही कमी पडत नव्हता. काम करत होती ती सफाई.

आपल्याकडे ही गोष्ट पोचायला वेळ लागला. आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत आडव्या सांध्यावर १० ते १५ मिलिमीटर मॉर्टर आणि उभ्यावर सिमेंटची स्लरी सांगितली होती. २००० च्या आवृत्तीत, कलम १३.४ मध्ये, ते गेलं. आता साय वायर ब्रशने काढा, पृष्ठभाग खरबरीत ठेवा, आणि माल टाकताना तो आतून ओला पण वरून कोरडा असू द्या, असं म्हटलंय. जुनं काँक्रीट कोरडं असेल तर नव्यातलं पाणी शोषतं; वर पाणी साचलं असेल तर नवा माल तिथेच पातळ होतो.

साइटवर मात्र अजून १९७८ चालू आहे, तेही अर्धंच. आम्ही विचारतो, हा स्लरीचा डबा कशाला? "चिकटायला, साहेब." सायीवर स्लरी ओतली की साय दिसेनाशी होते, एवढंच. माणसांना दोष देऊन भागत नाही, कारण ब्रश मारायची वेळच अडचणीची आहे. तो प्राथमिक सेटिंग झाल्याबरोबर मारायचा. स्लॅब संपतो रात्री आठला, आणि कॉलमच्या जागेवर ब्रश मारायची वेळ येते तेव्हा टोळी घरी जाऊन जेवत असते. सकाळी येते ती छिन्नी घेऊन, आणि ठोकाठोकीत सायीबरोबर चांगली खडीही हलते. त्या एका माणसाची रात्रपाळी कुठल्या दरपत्रकात धरलेली आम्ही तरी अजून पाहिलेली नाही.