उकड्या तांदळापासून हृदयापर्यंत

हैदराबादच्या दिलसुखनगरहून तार्नाका फार दूर नाही. तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मूळ १९१८ सालच्या कुन्नूरमधले. मॅककॅरिसन यांनी तिथे बेरीबेरीचा अभ्यास सुरू केला. कांडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळातले जीवनसत्त्व निघून गेल्याने तो रोग होई. आपल्या उकड्या तांदळात ते बरेचसे टिकते. १९५८ साली संस्था हैदराबादला आली. २०२४ च्या तिच्या मार्गदर्शनात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि जास्तीत जास्त ५ ग्रॅम मीठ सांगितले आहे. कडधान्यांतला चोथा कोलेस्टेरॉल उतरवतो, कमी मीठ रक्तदाब. म्हणजे श्रावणातला तळलेला साबुदाणावडा शाकाहारी खरा, पण हृदयाचा मित्र नव्हे. ज्यांना आपण गरिबाचे जेवण म्हणून ताटाबाहेर काढले, ती तांबडी भाजी, आळसांदे आणि नाचणी परत वाढून घेऊया.