खुर्ची सोडली, पण कितीदा? : ओलुसेगुन ओबासान्जोंची गोष्ट

पुण्याहून पिंपरीकडे निघालं की दापोडीला सीएमई लागतं, म्हणजे लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिथून शेकडो वेळा गेलोय. पण १९६५ साली पुण्यात लष्करी इंजिनिअरिंग शिकायला आलेला एक नायजेरियन अधिकारी पुढे दोनदा आपल्या देशाचा प्रमुख झाला, हे मला आत्ता आत्ता कळलं. त्याचं नाव ओलुसेगुन ओबासान्जो.

१९६६ च्या जानेवारीत ते मायदेशी परतले, तर तिथे लष्करी बंड सुरू! बंडाचा एक म्होरक्या, मेजर न्झेओग्वू, त्यांचा जवळचा मित्र. पुढच्याच वर्षी पूर्वेकडचा बियाफ्रा फुटून निघाला आणि यादवी पेटली. नाकेबंदी आणि उपासमारीने लाखो माणसं गेली. १९६९ मध्ये ओबासान्जोंकडे एका डिव्हिजनची सूत्रं आली आणि जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राच्या सेनेने त्यांच्यासमोरच शस्त्रं खाली ठेवली.

१९७५ च्या बंडानंतर ते देशातले दुसऱ्या क्रमांकाचे नेते झाले. फेब्रुवारी १९७६ मध्ये राष्ट्रप्रमुख मुर्तला मोहम्मद यांची हत्या झाली आणि खुर्ची ओबासान्जोंकडे आली. आता मला सांगा, हातात सैन्य आहे, तेलाचा पैसा आहे, अशी खुर्ची कोण सोडतं? यांनी सोडली. १ ऑक्टोबर १९७९ ला निवडून आलेल्या शेहू शगारींना त्यांनी सत्ता सोपवली आणि स्वतः ओटा गावी शेती करायला गेले. नायजेरियात लष्करी राज्यकर्त्याने असं करण्याची ही पहिलीच वेळ.

इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात ना? थांबा. याच राजवटीत, १९७७ मध्ये, सैनिकांनी गायक फेला कुटीचं घर जाळलं. त्याच्या वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी ती गेली. फेलाने काय करावं? शवपेटी घेऊन तो थेट सत्तेच्या दारात गेला.

पण सत्ता सोडल्यामुळे ओबासान्जोंचं जगात वजन वाढलं, हेही खरं. १९८६ मध्ये कॉमनवेल्थचं एक शिष्टमंडळ वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत गेलं. त्याचे सहअध्यक्ष होते ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर आणि आपले हे जनरल. तुरुंगातल्या मंडेलांना ते भेटले. बोलणी सुरू असतानाच दक्षिण आफ्रिकेने तीन शेजारी देशांवर हल्ले केले आणि सगळं फिसकटलं. पण तिथल्या सरकारची नियत जगाला दिसली.

१९९५ मध्ये हुकूमशहा सानी अबाचाने त्यांनाच बंडाच्या कटाच्या आरोपाखाली आत टाकलं. त्यांच्यासोबत पकडलेले शेहू यारअदुआ तुरुंगातच वारले. १९९८ मध्ये अबाचा अचानक मेला, ओबासान्जो सुटले आणि १९९९ मध्ये निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. २००० साली आपल्या प्रजासत्ताक दिनाला ते प्रमुख पाहुणे होते. २००५ मध्ये त्यांच्या सरकारने पॅरिस क्लबकडून जवळपास १८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करून घेतलं. दुसरीकडे, १९९९ मध्येच सैन्याने ओडी गाव उद्ध्वस्त केलं होतं, तेही त्यांच्याच काळात.

आणि मग २००६. राज्यघटना बदलून तिसऱ्यांदा उभं राहता यावं, अशी हालचाल झाली. माझा संबंध नाही, असं ते म्हणत राहिले. सिनेटने मे महिन्यात प्रस्ताव फेटाळला. २००७ मध्ये त्यांनी सत्ता सोडली, पण ती निवडणूक इतकी गैरप्रकारांची होती की जिंकलेल्या उमारू यारअदुआंनीही दोष मान्य केले. हे उमारू म्हणजे तुरुंगात वारलेल्या शेहूंचे धाकटे भाऊ.

नोव्हेंबर २०२२. इथिओपिया आणि टिग्रे यांच्यातला युद्धबंदी करार प्रिटोरियात झाला. आफ्रिकन युनियनचे मुख्य मध्यस्थ कोण? ओबासान्जो. ऐंशी ओलांडलेले.

मी हा भाग लिहायला बसलो तेव्हा शीर्षक ठरलं होतं, ‘खुर्ची सोडणारा जनरल’. ते मी बदललं. १९७९ ला खुर्ची त्यांच्या मर्जीने सुटली, २००६ ला सिनेटने सोडायला लावली. मला विचाराल तर लोकशाहीची खरी कमाई दुसरी. कारण नेता भला निघेल याची खात्री कुणी द्यायची? नाही म्हणणारी सभा मात्र उभी करता येते.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!