दुसऱ्या पडद्याची कुळकथा

वर्गातल्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला की एक निवड करावी लागते: दोन्हीकडे एकच चित्र हवे, की वेगवेगळे? विंडोज 7 पासून विंडोजची कळ आणि 'पी' एकत्र दाबले की 'डुप्लिकेट' आणि 'एक्स्टेंड' हे पर्याय समोर येतात. तास सुरू व्हायची घाई असते, म्हणून 'डुप्लिकेट'वर बोट पडते. दोन वेगळे पडदे म्हणजे संगणकवाल्यांची चैन, असा समजही त्यामागे असतो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. ही गरज शिकवण्याची आहे आणि ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. संगणकाने वर्गात आल्यावर प्रथम ती सोय मोडली आणि पुढे सावकाश परत दिली.

काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडात भिंतीवर पाडणारा कंदील ख्रिस्तियान हायगेन्सने 1659 च्या सुमारास घडवला. आपल्याकडे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी कल्याणला उभी केलेली, चित्रांतून कथा सांगणारी शांबरिक खरोलिका त्याच घराण्यातली. कंदिलाला लागणारा काळोख कथेला पोषक असला, तरी वहीत टिपणे घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो अडचणीचाच. तरीही कंदिलाने वर्गाला एक मोठी गोष्ट दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये कलेचा इतिहास शिकवणारा हाइनरिश व्योल्फलिन दोन कंदील लावून दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवी. एक चित्र काढून दुसरे लावले, तर तुलना आठवणीच्या भरवशावर राहते. दोन्ही डोळ्यांसमोर असली की विद्यार्थी स्वतःच फरक शोधू लागतो. प्रबोधनकाळ आणि बरोक यांच्यातला भेद जोड्या लावून मांडणारे त्याचे 1915 चे पुस्तक याच पद्धतीला साजेसे आहे.

दुसरी गरज भागवली ओव्हरहेड प्रोजेक्टरने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने तो प्रशिक्षणासाठी वापरला आणि 1960 च्या दशकात स्वस्त, सपाट फ्रेनेल भिंगामुळे तो शाळा-कॉलेजांत पोहोचला. दिवे चालू ठेवून, वर्गाकडे तोंड करून शिकवता येऊ लागले. पण त्याचा खरा गुण बारकाईने पाहिल्यावर कळतो. त्यावर ठेवायच्या पारदर्शक पानाला, म्हणजे ट्रान्सपरन्सीला, पुठ्ठ्याची चौकट असे आणि त्या चौकटीवर शिक्षक पेन्सिलीने स्वतःपुरत्या खुणा करून ठेवी: इथे थांबायचे, इथे प्रश्न विचारायचा. पुढच्या ओळी झाकायला तो पातळ कागद ट्रान्सपरन्सीच्या खाली सरकवी. वर्गाला त्या ओळींच्या जागी नुसता अंधार दिसे, शिक्षकाला मात्र खालच्या उजेडात त्या वाचता येत. वर्गापुढे काय आहे आणि पुढे काय येणार आहे, हे दोन्ही त्याच्या नजरेत असे.

1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी आलेल्या पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती ट्रान्सपरन्सीचीच पाने तयार करी, वक्त्याच्या टिपणांसह. त्याच वर्षीच्या मॅकिंटॉश टू ला एकाहून अधिक मॉनिटर जोडता येत. म्हणजे दोन्ही धागे हाताशी होते. पण लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडण्याची रीत रुळली, तेव्हा शिक्षकासमोरचेच चित्र जसेच्या तसे भिंतीवर जाऊ लागले. फायलींची नावे, आलेली मेल, टिपणे, सगळेच. विंडोजमध्ये एकाहून अधिक पडद्यांची सोय आली ती विंडोज 98 मध्ये. शिवाय 'डुप्लिकेट'मध्ये दोन्ही पडद्यांना एकाच मापावर तडजोड करावी लागते. 1024 × 768 चा जुना प्रोजेक्टर आणि 1366 × 768 चा लॅपटॉप एकत्र आले की कुठे काळ्या पट्ट्या येतात, कुठे वर्तुळे लंबगोल दिसतात. 'एक्स्टेंड'मध्ये प्रत्येक पडद्याला त्याचे स्वतःचे माप मिळते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: शिक्षक अडखळतो, शोधतो, चुकीची दुरुस्ती करतो, हेही विद्यार्थ्याने पाहायला हवे. प्रोग्रामिंगच्या वर्गात तर हवेच. पण ती खिडकी वर्गाच्या पडद्यावर मुद्दाम सरकवणे वेगळे आणि सगळेच उघडे पडणे वेगळे. दुसरी तक्रार, 'एक्स्टेंड'मध्ये माउसचा बाण हरवतो आणि मान वळवून भिंतीकडे पाहत टाइप करावे लागते. बाणाचा उपाय सोपा आहे: भिंतीवरचा पडदा शिक्षकाच्या डावीकडे असेल, तर सेटिंगमधला त्याचा चौकोनही डावीकडे ओढून ठेवायचा. मानेसाठी टेबलावर एक साधा मॉनिटर घ्यावा. त्यावर प्रोजेक्टरचीच प्रत दाखवायची आणि लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे ठेवायचा. तीन पडदे झाले, पण प्रत्येकाला काम आहे.

'मग फळा काय वाईट?' हा प्रश्न उरतो आणि तो विचारणाऱ्याची बाजू मला निम्मी तरी पटते. स्लाइड पुढे गेली की आधीची पायरी नाहीशी होते. फळ्यावरचे समीकरण मात्र पुसेपर्यंत जागेवर राहते. व्योल्फलिनला दुसऱ्या कंदिलाकडून जे हवे होते, ते गणिताच्या तासाला फळा देतोच. म्हणून प्रोजेक्टरचा पडदा फळ्याच्या मधोमध टांगून तो झाकून टाकणे ही मांडणीतली सर्वांत महागडी चूक आहे. पडदा एका कोपऱ्याकडे, किंचित तिरका लावावा आणि निदान अर्धा फळा खडूसाठी मोकळा सोडावा.