बागेत जन्मलेले काँक्रीट

काँक्रीट म्हटले की धरणे, पूल आणि कारखाने डोळ्यांसमोर उभे राहतात. द्रव्य उपयोगाचे खरे, परंतु सौंदर्याशी त्याला काय कर्तव्य, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास निराळी साक्ष देतो. लोखंडाच्या सांगाड्यावर सिमेंट चढविण्याची युक्ती प्रचारात आणणाऱ्यांमध्ये अग्रगण्य असलेला झोसेफ मोनिए हा कोणी स्थापत्यविशारद नव्हता. तो फ्रान्समधील एक माळी होता. लाकडी कुंड्या कुजतात आणि मातीच्या फुटतात, म्हणून त्याने लोखंड व सिमेंट यांच्या कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्यांचे पेटंट घेतले. पुढे १८७५ साली शाझले येथे त्याने सुमारे १४ मीटरांचा पूल बांधला. लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा तो जगातील पहिला पूल मानला जातो. त्याचे कठडे मात्र झाडाच्या ओबडधोबड फांद्यांसारखे घडविलेले आहेत!

ही एकट्या माळ्याची लहर नव्हती. कारखान्यांच्या धुराने कोंदलेल्या नगरांना त्या काळी रानावनाची ओढ लागली होती. १८६७ सालीच पॅरिसमध्ये ब्यूत-शोमों हे उद्यान खुले झाले. जिप्समच्या जुन्या खाणींनी ओसाड झालेल्या त्या जागी कृत्रिम गुहा, तिच्या छतातून लोंबणारे सिमेंटचे सुळके आणि लाकडी ओंडक्यांचा भास देणारे कठडे उभे राहिले. इंग्लंडात पुलहॅम घराण्याने विटांच्या व दगडगोट्यांच्या गाभ्यावर सिमेंटचा लेप देऊन हुबेहूब खडक घडविले. लंडनच्या बॅटरसी उद्यानात ते आजही पाहावयास मिळतात.

या कलेला विसाव्या शतकात सर्वांत समर्थ हात लाभला तो मेक्सिकोत १८९१ साली जन्मलेल्या दिओनिसिओ रॉड्रिगेझ या कारागिराचा. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ नगरात त्याने पादचारी पूल, बाके आणि ट्रामचा थांबा घडविला. आर्कान्साजमध्ये १९३३ साली, कधीच दळण न दळणारी एक ‘जुनी गिरणी’ उभारली. ‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या चित्रपटाच्या आरंभी तीच दिसते.

त्याची रीत सांगावयास सोपी, साधावयास कठीण. प्रथम लोखंडी सळयांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर जाडसर काँक्रीट आणि शेवटी निव्वळ सिमेंटचा पातळ थर. हा शेवटचा थर ओला असतानाच साल, गाठी, किड्यांनी पोखरलेली छिद्रे, सारे कोरावयाचे. त्यासाठी काटे, चमचे आणि घरी बनविलेली हत्यारे पुरत. सिमेंट आवळले की हात थांबलाच. चूक झाली तर फोडून काढण्यावाचून गत्यंतर नाही. रंगाची गोष्ट याहून न्यारी. शेवाळाची हिरवट छटा आणि जुन्या लाकडाचा करडेपणा आणणारी मिश्रणे तो मदतनीसांच्याही नजरेआड तयार करी. १९५५ साली तो निवर्तला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले आणि कृत्रिम डोंगरांचा व चित्रविचित्र पाट्यांचा मोठा व्यवसाय पुढे वाढीस लागला. त्यातही जाळीवर सिमेंट चढवून ते आवळण्यापूर्वी कोरण्याची रीत चालत आली आहे.

येथे एका विषादाचा उल्लेख करणे आम्हांस प्राप्त आहे. सळया गंजतात, सिमेंट तडकते, रंग फिकटतो. डागडुजी करू जावे तर मूळ मिश्रण कोणास ठाऊक नसते. पुलहॅम घराण्याची कृतीही अशीच त्यांच्याबरोबर गेली. रॉड्रिगेझची कला जी तरली, ती कागदावर नव्हे, हातांवर. त्याचा सहकारी माक्सिमो कोर्तेस याच्याकडून ती पुत्र कार्लोस याच्याकडे आली आणि २००९ साली सॅन अँटोनिओच्याच नदीकाठी कार्लोसने सिमेंटची एक भव्य गुहा साकारली.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. गोव्यापासून कारवारपर्यंतच्या देवळांच्या भिंतींवरील कावी कलेचे मर्म हेच आहे: शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो वाळण्यापूर्वी टोकदार हत्याराने कोरून खालचा शुभ्र चुना उघडा करणे. चुना किती दिवस मुरवावा, गिलावा कोणत्या घटकेला कोरावा, हे भिंत सांगत नाही, कारागीरच सांगतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा कित्येक भिंतींवर सिमेंट आणि तैलरंग चढले. वास्तूंच्या याद्या करणे अगत्याचे आहेच. पण ज्यांच्या हाती अजून ही कृती आहे त्यांच्यापाशी बसून ती टिपून घेणे आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा एक तरी मुलगा वा मुलगी उभी करणे, हे अधिक निकडीचे आहे, असे आमचे नम्र मत आहे.