दह्याचे विरजण आणि वनस्पती : एक ऐतिहासिक विचार

आंबविलेल्या दुधाचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेपासून सांगितला जातो. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हा येथे काम करीत असता १९०५ मध्ये आपल्या देशातील दह्यामधील जिवाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी दंडाकृती जिवाणू पुढे लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या नावाने प्रसिद्धीस आला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ यांनी त्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला आणि पश्चिम युरोपात दह्याला औषधाची प्रतिष्ठा लाभली. हा जिवाणू दुधात मुळात आला कोठून, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

या प्रश्नाच्या संदर्भात तैत्तिरीय संहितेतील सान्नाय्य हवीचे प्रकरण (२.५.३) लक्षणीय आहे. वृत्रवधानंतर इंद्राचे गळालेले सामर्थ्य वनस्पतींत शिरले, पशूंनी ते चरून गोळा केले व दुधातून परत दिले, अशी ती कथा आहे. त्यापुढे दूध कशाने विरजावे याची चर्चा येते. पूतिका किंवा पलाशाची साल वापरल्यास ते सोमाचे, बोरे वापरल्यास राक्षसांचे, तांदूळ वापरल्यास विश्वेदेवांचे. इंद्रासाठी मात्र दह्यानेच विरजावे. येथे जिवाणूंचे ज्ञान शोधणे हा भाबडेपणा ठरेल. शिवाय वनस्पतीने दूध साकळणे व जिवाणूंनी ते आंबणे या भिन्न क्रिया आहेत, आणि ग्रंथ त्यांत भेद करीत नाही. तथापि वनस्पतीने दूध विरजण्याची रीत त्या काळी परिचित होती, आणि आदल्या दह्याचे विरजण तिच्याहून श्रेष्ठ मानले जाऊ लागले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

बल्गेरियातही उकळून सुमारे ४५ अंश सेल्सिअसवर ठेवलेल्या मेंढीच्या दुधात विशिष्ट झाडाची फांदी घालून विरजण तयार करण्याची जुनी रीत आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील चार प्रदेशांतील वनस्पतींचे ६६५ नमुने तपासण्यात आले. त्यांत दह्याचे दोन्ही प्रमुख जिवाणू आढळले, आणि सर्वाधिक वेळा ते कॉर्नस मास या झुडपावर मिळाले. लोकरीतीला असा दुजोरा मिळण्यास ग्रिगोरोव्हनंतर शंभर वर्षे लागली. त्याआधी २००६ मध्ये या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला होता. त्यातील अनेक जनुके निकामी झालेली असून, वनस्पतींच्या सान्निध्यातून दुधाच्या वातावरणात झालेल्या संक्रमणाकडे तो निर्देश करतो. पिढ्यान्‌पिढ्या दह्यानेच दूध विरजले गेल्याचा हा परिणाम मानणे सयुक्तिक वाटते.

महाराष्ट्रातील घरांत विरजण संपल्यास कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकतात. या रीतीकडे केवळ गृहिणींची युक्ती म्हणून पाहिले जाते, हे खेदजनक आहे.

वनस्पतींचे अर्क व हितकर जिवाणूंची वाढ यांवरील संशोधनास १९९५ नंतर विशेष चालना मिळाली. त्या वर्षी गिब्सन व रॉबरफ्रॉइड यांनी ‘प्रीबायोटिक’ ही संकल्पना मांडली. चिकोरीच्या मुळातील इन्युलिन हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. मात्र येथे वनस्पती जिवाणूंचे खाद्य ठरते. फांदी वा देठ टाकण्याच्या रीतीत ती जिवाणूंचे मूळ आश्रयस्थान असते. तापवून काढलेल्या अर्कात तिची ही दुसरी भूमिका शिल्लक राहत नाही, आणि लवंगेसारख्या द्रव्यांचे अर्क तर जिवाणूंची वाढ रोखूही शकतात.