अक्षरजुळणी आणि संगणकाची सक्ती

पुण्यांत अप्पा बळवंत चौकापासून सदाशिव व नारायण पेठांपर्यंतचा मुलूख हें एका अर्थानें मराठी पुस्तकाचें माहेर होय. जेथें शिशाचे खिळे हातानें जुळविले जात, तेथें गेल्या शतकाच्या अखेरीस संगणक आला. खिळ्यांचा धंदा कष्टाचा, डोळ्यांस शिणविणारा. परंतु विकत घेतलेला खिळा मालकाचा असे. तो झिजल्यावर केव्हां वितळवावयाचा, हें छापखान्याचा धनी ठरवी, ओतशाळेचा नव्हे. संगणकाबरोबर हा अधिकार हातचा गेला. आणि तो गेल्याचें ध्यानीं येण्यास बरींच वर्षें लागलीं.

आरंभ मोठा उमेदीचा होता. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें जन्मलेलें ‘जिस्ट’ तंत्र तिनें पुढें नेलें. त्याचें कार्ड संगणकांत बसविलें कीं पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ सालीं ‘इस्की’ हें भारतीय लिप्यांचें सांकेतिक मानक ठरलें. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ छापखान्यांतून रुळली. मात्र छपाईचे फॉण्ट ज्यानें त्यानें आपापल्या सोयीनें रचले. इंग्रजी अक्षराच्या घरांत मराठी अक्षराचा तुकडा बसवावयाचा, अशी ती युक्ति. एका फॉण्टांत ज्या घरांत काना, त्याच घरांत दुसऱ्याचा अर्धा ‘क’. मूळ फॉण्ट नसेल तर आख्खी कादंबरी इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी होऊन बसे!

या फॉण्टांचा संसार ‘पेजमेकर’ या प्रोग्रामवर थाटलेला होता. त्याची शेवटची मोठी आवृत्ति, सातवी, २००१ सालीं निघाली; त्याच वर्षीं विंडोज एक्सपी आली, आणि दोघांचें चांगलें जमलें. कित्येक प्रोग्रामांबरोबर प्रिंटरच्या खाचेंत लावण्याचें एक लॉक येई. तें नसेल तर प्रोग्राम चालत नसे. पुढें नव्या संगणकांतून ती खाचच नाहींशी झाली. चौसष्ट बिटांच्या विंडोजनें सोळा बिटांचे जुने प्रोग्राम चालविण्याचें साफ नाकारलें. ८ एप्रिल २०१४ रोजीं एक्सपीची देखभाल थांबली. ज्याच्या कपाटांत वीस वर्षांच्या पुस्तकांच्या फायली होत्या, त्याच्यापुढें मोठा पेंच पडला. सिस्टीम बदलावी तर फायली मुक्या होतात. न बदलावी तर यंत्र उघडें पडतें.

कंपनीची बाजू अगदींच पोकळ नाहीं. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या उपद्रवानें जगभर हाहाकार उडविला, तेव्हां डागडुजी न केलेल्या संगणकांची गत सर्वांनीं पाहिली. मायक्रोसॉफ्टनें त्या वेळीं निवृत्त एक्सपीसाठींही दुरुस्ती दिली, हें तिच्या पदरीं टाकलें पाहिजे. पण सुरक्षिततेचें कारण खरें असलें तरी त्याआडून केलेली प्रत्येक अडवणूक न्याय्य ठरत नाहीं. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेल्या विंडोज अकरानें टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि ठराविक नव्या प्रोसेसरांची अट घातली. चार-पांच वर्षांचें, निर्वेध चालणारें यंत्र केवळ यादींत नाहीं म्हणून अपात्र ठरलें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज दहाचीही मुदत संपली. घरगुती ग्राहकास एक वर्षाची वाढ मिळाली, पण आपली मांडणी कंपनीच्या खात्यांत साठवावी, बक्षिसाचे एक हजार गुण खर्चावे किंवा तीस डॉलर भरावे, अशा अटींवर. युरोपांत ग्राहकसंघटनांनीं आवाज उठविल्यावर तेथील लोकांस ती वाढ या अटींवांचून मिळाली. पुण्याच्या ग्राहकास तसें कांहीं मिळालें नाहीं.

युनिकोड हा यावरील खरा उतारा. त्यांत प्रत्येक अक्षराचा संकेत ठरलेला असतो, आणि फॉण्ट बदलला तरी मजकूर टिकतो. विंडोज २००० पासून देवनागरीची ही सोय झाली. तीसाठीं ‘मंगल’ हा फॉण्ट नामांकित सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं घडविला. परंतु युनिकोडनें पुढचा रस्ता मोकळा केला, मागचा नव्हे. पेजमेकरला युनिकोड कधींच आलें नाहीं. जुनी फाईल नव्या संकेतांत आणणारे प्रोग्राम निघाले खरे. तथापि रफार एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच व्यंजनास चिकटते, जोडाक्षरें फुटतात. म्हणून पुनर्मुद्रणापूर्वीं सबंध पुस्तकाचीं मुद्रितें पुन्हां ओळीनओळ वाचावीं लागतात, आणि तो खर्च प्रकाशकाच्या माथीं येतो. तो टाळण्यासाठीं कोणी एक्सपीचें एखादें यंत्र इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यांत जपून ठेवतो. त्यांतली हार्डडिस्क बिघडेपर्यंत तरी जुन्या पुस्तकांचीं पानें त्याला उघडतां येतात.