खोट्या चिठ्ठीतला रानपिंगळा

घुबडांवर एक भाग कर, असं गेलं वर्षभर ऐकतोय. करतो. पण लेन्स कुठली घ्यायची, अंधारात फोकस कसा धरायचा, हा आजचा विषय नाही. आज एका वीतभर पक्ष्याचा इतिहास सांगायचाय, जो आपल्याच खानदेशात बसला होता आणि जगाला वाटत होतं की तो संपला. आणि तो संपला असं वाटण्यात एका माणसाच्या खोटेपणाचा हात होता. मी दिवसभर डेटाबेस सांभाळण्याचं काम करतो, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच लागते. कारण यात चुकीची एन्ट्री कुणाच्या हातून चुकून पडलेली नाही, मुद्दाम केलेली आहे.

आधी पक्षी ओळखू. पिंगळा आपल्या सगळ्यांना माहीत असतो. गावात चिंचेच्या ढोलीत, गोठ्याच्या वळचणीला, अगदी शहरात रस्त्यालगतच्या पर्जन्यवृक्षावरही तो असतो, आणि संध्याकाळ झाली की जोडीने कचाकचा भांडल्यासारखा ओरडतो. पहाटे दारोदार येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशाचं नाव याच्यावरूनच पडलं म्हणतात. त्याला या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत. आज ज्याची गोष्ट आहे तो याचा चुलतभाऊ, रानपिंगळा. दिसायला सारखाच वाटतो, पण नीट बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. छातीवर जाड तपकिरी पट्टे, पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर ठसठशीत आडवे पट्टे. अंगाच्या मानाने डोकं आणि पंजे दांडगे. आणि मुख्य म्हणजे हा दिवसा वावरतो. सागाच्या रानात, पानगळ झालेल्या फांदीवर, भर उन्हात बसलेला सापडतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एक लहान घुबड मारलं आणि ॲलन ह्यूम यांच्याकडे पाठवलं. ह्यूम म्हणजे तेच, काँग्रेसच्या स्थापनेतले. राजकारणाच्या आधी या माणसाला पक्ष्यांचं वेड होतं आणि त्यासाठी त्याने स्वतःचं नियतकालिकही काढलं होतं. १८७३ मध्ये त्याने या घुबडाचं वर्णन छापलं आणि ब्लूइटचं नाव त्याला दिलं. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशातल्या खरियारकडे आणखी एक मिळालं. मग १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या आयसीएस अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोदा पट्ट्यात, काही नमुने जमवले. आणि इथे यादी थांबते. १८८४ नंतर खात्रीची एकही नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी.

त्या काळी पक्षी बघणं म्हणजे पक्षी मारणं. गोळी घालायची, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा, टाके घालायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची: तारीख, गाव, कुणी मारला. आज आपण फोटो काढतो तेव्हा कॅमेरा आपोआप तारीख-वेळ फाइलमध्ये टाकतो, फोन तर जागाही टाकतो. तेव्हाचा मेटाडेटा म्हणजे ती दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर पक्षी म्हणजे नुसती पिसं. म्हणजे पुढच्या माणसाने कुठे जाऊन शोधायचं, हे ठरवणारी एकमेव गोष्ट ती.

आता कथेतला आठवा नमुना. ब्रिटिश म्युझियममध्ये आणखी एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापी नदी, ९ ऑक्टोबर १९१४. मारणारा, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन.

हा गृहस्थ म्हणजे एक प्रकरणच. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, हेरगिरीच्या कहाण्यांचा नायक, आणि त्या कहाण्यांमधल्या बऱ्याच स्वतःच लिहिलेल्या. पक्षिशास्त्रात मोठा दबदबा. १९३७ मध्ये सलीम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. त्याने डायरीत सलीम अलींबद्दल बरीच शेरेबाजी करून ठेवली, आणि सलीम अलींनी ती पुढे आपल्या आत्मचरित्रात स्वतःच छापली. मला हे फार आवडतं. असो. १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह म्युझियमला दिला आणि म्युझियमने तो मानाने घेतला. खरं तर याच माणसाला कित्येक वर्षांपूर्वी, परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्याबद्दल, तिथल्या पक्षी विभागात काही काळ बंदी होती. तरी घेतला. मोठ्या माणसाची चिठ्ठी कोण तपासणार?

तर जगाच्या दृष्टीने रानपिंगळ्याची शेवटची नोंद १८८४ची उरली नाही. ती झाली १९१४ची, आणि जागा गुजरातमधली मांडवी, आजच्या सुरत जिल्ह्यातली. मग शोध कुठे व्हायचा? सगळ्यात ताजी नोंद जिथे, तिथे. कुणीही हेच केलं असतं. अमेरिकेचे डिलन रिप्ले, सलीम अलींचे सहलेखक, यांनी सत्तरच्या दशकात या पक्ष्यामागे वेळ घालवला. काहीच मिळालं नाही. हळूहळू पुस्तकांत लिहिलं जाऊ लागलं की बहुधा नामशेष.

आणि ही फक्त पुस्तकातली गोष्ट नव्हती. ज्या वर्षांत हा पक्षी नाही असं धरून चाललं होतं, त्याच वर्षांत शहादा-तळोद्याच्या सपाटीवरचं रान शेतीखाली जात होतं. नामशेष पक्ष्याचं घर वाचवायला कोण भांडणार?

नव्वदच्या दशकात स्मिथसोनियनमध्ये पामेला रासमुसेन या रिप्लेंच्याच दक्षिण आशियाई पक्ष्यांच्या पुस्तकाचं काम करत होत्या. त्यासाठी हजारो जुने नमुने तपासायचे होते. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स या शास्त्रज्ञाने माइनर्ट्झहागनच्या काही छोट्या पक्ष्यांच्या नमुन्यांवर संशय घेऊन लेख लिहिला होता, म्हणजे धूर निघायला लागला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा रानपिंगळा टेबलावर घेतला. एक्स-रे काढले. टाके पाहिले. कातडं एकदा भरलेलं, मग उसवून परत भरलेलं निघालं. मूळ भरणीच्या ज्या खुणा राहिल्या होत्या त्या डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. प्रत्येक माणसाची कातडं भरायची ढब वेगळी असते, आपल्या कोडिंग स्टाइलसारखीच. नाव काढून टाकलं तरी टीममधले ओळखतात की हे कुणी लिहिलंय.

म्हणजे झालं असं होतं: खानदेशात डेव्हिडसनने जमवलेला पक्षी म्युझियममध्ये होता. माइनर्ट्झहागनने तो तिथून पळवला, नव्याने भरला, त्यावर नवी चिठ्ठी बांधली आणि स्वतःचा म्हणून त्याच म्युझियमला परत दिला. सात नमुन्यांतलाच एक, आठवा होऊन आला. हा सगळा तपास १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात छापून आला. पुढे त्याच्या संग्रहातल्या शेकडो नमुन्यांवर प्रश्नचिन्ह लागलं.

पण छापून यायच्या आधी एक गोष्ट घडली. मांडवी खोटी म्हटल्यावर नकाशावर उरलं काय? पूर्वेला छत्तीसगड-ओडिशा, पश्चिमेला खानदेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडची रानं पालथी घातली, हाती काही नाही. मग शहाद्याला आले. सपाटीवर शेती, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात गेले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंगना एका निष्पर्ण झाडावर एक छोटं घुबड दिसलं. उन्हात बसलेलं. माथा कोरा, पोट पांढरं. ११३ वर्षांनी.

त्यांनी काय केलं? व्हिडिओ घेतला, फोटो काढले. इतिहास म्हणून मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. १८७२ मध्ये पक्षी ‘आहे’ हे सांगायला तो मारावा लागला होता. १९९७ मध्ये पुरावा कॅमेऱ्यातून आला आणि पक्षी फांदीवर बसून राहिला. त्यानंतर आपल्याकडच्या संशोधकांनी, फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्यासारख्यांनी, तोरणमाळ, तळोदा, मेळघाट अशा ठिकाणी त्याचा रीतसर अभ्यास केला. तो काय खातो, कुठल्या ढोलीत घरटं करतो, हे सगळं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

इथे एक गंमत आहे. पुढे २०१४च्या सुमारास गुजरातमधल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातही रानपिंगळा सापडला. नकाशावर बघितलं तर मांडवीपासून सरळ रेषेत साधारण पन्नास किलोमीटर. मग काही जण म्हणतात, बघा, म्हातारा अगदीच चूक नव्हता. मला हा युक्तिवाद पटत नाही. गणिताचं उत्तर शेजाऱ्याच्या पेपरातून उचललं आणि योगायोगाने जवळपास आलं, तरी त्याला गणित सोडवणं म्हणत नाहीत. आणि त्याच्या चिठ्ठीमुळे डांगचा एकही पक्षी कुणाला सापडला नाही.

आता आपल्याकडे येतो, म्हणजे शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांकडे. घुबडाचं ठिकाण फुटलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. सोशल मीडियावर फोटो पडला की पुढच्या रविवारी ढोलीसमोर ट्रायपॉडची रांग. कुणी मोबाइलवर आवाज लावतो, कुणी फ्लॅश मारतो. त्यात आपल्याकडे जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारेही आहेतच. म्हणून ठिकाण लपवायचं, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मी स्वतः फोटो टाकण्याआधी फाइलमधली जागा पुसतो.

पण हल्ली मी एक वेगळा प्रकार बघतोय. ठिकाण लपवायचं म्हणून लोक खोटं ठिकाण टाकतात. पक्षी एका तालुक्यातला, नाव दुसऱ्याच जिल्ह्यातलं. कुणी पक्ष्याच्या काळजीने करतं, कुणी आपली जागा दुसऱ्याला मिळू नये म्हणून. मी एकाशी यावर बराच वाद घातला. तो म्हणाला, यात कुणाचं काय बिघडतं? अरे, तीच तर मांडवीची चिठ्ठी! रिकामी जागा वाचणाऱ्याला सांगते की इथे माहिती नाही, विचारा. खोटी जागा सांगते की इकडे जा. उद्या कुणी त्या फोटोंवरून प्रजातीचा नकाशा बनवेल, त्यावरून कुठलं रान महत्त्वाचं ते ठरेल, आणि खरं रान यादीबाहेर राहील. नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहा, काहीच लिहू नका, पण दुसरं गाव लिहू नका. आणि खरी नोंद कुठेतरी असू द्या: वनखात्याकडे, अभ्यास करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे, निदान तुमच्या वहीत.

कारण अजून शोध संपलेला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये रानपिंगळा तानसा अभयारण्यात सापडला. तानसा! ज्या तलावाचं पाणी मुंबई पिते, त्याच्या आसपासच्या रानात. सह्याद्रीच्या उत्तर टोकाला तो असेल असं त्याआधी कुणी धरलंही नव्हतं. अशा नव्या नोंदी जमत गेल्या, आणि २०१८ मध्ये आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं. प्रौढ पक्षी अजूनही हजाराच्या आतच धरले जातात. त्याच वर्षी डीएनएच्या अभ्यासातून हेही दिसलं की तो साध्या पिंगळ्याच्याच जातकुळीतला आहे, ह्यूमने त्याच्यासाठी केलेल्या वेगळ्या जातकुळीची गरज नाही.

तानसाला मी तीनदा गेलोय. साधा पिंगळा भरपूर दिसला, एकदा शृंगी घुबड दिसलं, रानपिंगळा अजून नाही. दिसला की सांगेन. कुठे दिसला ते मात्र विचारू नका.